बस्ता अजून लक्ष्मी रोडवरच बांधला जातो

प्रश्न : लक्ष्मी रोडला लागून असलेल्या गल्लीत आमचं साड्यांचं आणि कापडाचं दुकान आहे. १९६४ साली आजेसासऱ्यांनी पागडी देऊन जागा घेतली. सव्वादोनशे चौरस फूट आणि वर पोटमाळा. भाडं आजही महिना ₹१,१५० आहे आणि पावती आजेसासऱ्यांच्याच नावाने येते. ते १९८९ मध्ये वारले. सासरे ७६ वर्षांचे आहेत, रोज गल्ल्यावर बसतात. बाकी सगळं, खरेदीपासून गिऱ्हाइकापर्यंत, गेली काही वर्षं मी बघते. यजमान हिंजवडीला नोकरी करतात. टॉवेल, परकर, ड्रेस मटेरियल आता कोणी विचारत नाही. बस्त्याची गिऱ्हाइकं मात्र तुळशीच्या लग्नानंतर अजून येतात. खर्च जाऊन महिन्याला सरासरी ₹७८,००० उरतात. आता मालकाने बिल्डर आणलाय. ४० लाख घ्या आणि जागा सोडा, नाहीतर नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गाळा घ्या. दसऱ्यापर्यंत सांगा, म्हणतात. यजमानांचं म्हणणं, पैसे घेऊन वाकडला दुकान टाकू. तिथलं भाडं ₹८५,००० आहे. आमच्या शेजारच्या नव्या इमारतीतला एवढाच गाळा ₹९०,००० भाड्याने गेलाय. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणारी नणंद म्हणते, ‘आमच्याकडची हाय स्ट्रीट, म्हणजे गावातली मुख्य बाजारपेठ, कधीच मेली, तुमच्या बाजाराचंही तेच होणार, मिळतायत तोवर पैसे घ्या आणि उठा.’ सासरे म्हणतात, मी असेपर्यंत कुलूप लागणार नाही. बाजार खरंच संपला का? मी काय करू?

– एक वाचक, पुणे

ताई,

बाजाराचं काय होणार आणि तुमच्या जागेचं काय करायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या घरात ते एकत्र कालवले गेलेत. नणंदबाई पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसरा सुटला असं समजतात. सासरे दुसऱ्याचं उत्तर देतात आणि पहिल्याकडे बघतच नाहीत.

पत्रातली सर्वांत कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय. परकर-टॉवेल कोणी विचारत नाही, बस्त्याची गिऱ्हाइकं येतात. तुमच्या दुकानात खरं तर दोन दुकानं आहेत. त्यातलं एक संपलंय, ते परत येणार नाही. दुसरं चालू आहे. लक्ष्मी रोडचंही तसंच झालंय.

पहिलं दुकान कोणाच्या जिवावर चालायचं? वर आणि मागे राहणाऱ्या माणसांच्या. सदाशिव, नारायण, शनिवार, बुधवार या पेठांतल्या एकेका वाड्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा बिऱ्हाडं असायची. त्यातली बाई भाजीला मंडईत जायची, येताना एक ब्लाउज पीस, मुलीला फ्रॉकचं कापड, घरच्यांना लेंग्याचं मांजरपाट घेऊन यायची. उधारीच्या वहीत नाव असायचं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठचे वाडे गेले, आणि पेठांतली माणसं बाहेर पडायला सुरुवात झाली. नंतर पुराची गरजच उरली नाही. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड, बिबवेवाडी, मग पार बावधन, बाणेर, वाकड. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. शहर केवढं पसरलं ते त्यावरून बघा. पेठेत राहिले ते म्हातारे, किंवा ज्यांचा वाडा कोर्टात अडकलाय ते. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, त्यांत क्लासेस आले, दवाखाने आले, गोदामं आली. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. रात्री नऊनंतर खिडक्यांतले दिवे मोजा, म्हणजे तुमचा परकर कोणी का घेत नाही ते कळेल.

या गळतीचा दोष लोक आधी मॉलला देतात आणि मग मोबाइलला. मॉल आले ते २००० नंतर; अमनोरा आणि विमाननगरचं फीनिक्स दोन्ही २०११ मधली. तोवर पेठांतलं गिऱ्हाईक निम्मं गेलेलं होतं. मोबाइलने शेवटचा घाव घातला तो रोजच्या, ठरलेल्या मापाच्या, डोळे झाकून घेण्याच्या मालावर. टॉवेलला हात लावून बघावं लागत नाही. त्यात स्पर्धा करायला जाऊ नका, भावात तुम्ही हराल.

बाजारात येण्याची निमित्तंही गेली. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहं होती. त्या जागी आता त्याच नावांनी ओळखली जाणारी वाहनतळं आहेत. सिनेमाला आलेलं कुटुंब परतताना काहीतरी घ्यायचं. वाहनतळाला कोणी खास येत नाही.

आता दुसरं दुकान. बस्त्याला येणारी माणसं पेठेत राहत नाहीत, कधी राहतही नव्हती. ती चाकण, सासवड, बारामती, नगरहून येतात, गाडी भरून येतात. मुलीची आई, मावशी, आत्या, एक कंटाळलेला मामा आणि ‘मी काही बोलणार नाही’ म्हणत सगळ्यांत जास्त बोलणारी आजी. ही माणसं दुकानात येत नाहीत, बाजारात येतात. सोनं लक्ष्मी रोडला, शालू-पैठणी दोन दुकानं पलीकडे, पत्रिका अप्पा बळवंत चौकात, रुखवताचं आणि देवाचं सामान तुळशीबागेत, भांडी रविवार पेठेत, आणि अंगठीचं माप देऊन होईपर्यंत फॉल-पिको करून तयार. हे सगळं चालत. एका दुकानात पसंत पडलं नाही तर दहा पावलांवर दुसरं आहे, या खात्रीवर ती घरातून निघतात. तुमचा शेजारी साडीवाला तुमचं गिऱ्हाईक पळवतो असं सासऱ्यांना वाटत असेल, पण तो तिथे नसता तर गिऱ्हाईक गल्लीत वळलंच नसतं.

म्हणून वाकडला माझा सरळ नकार. तिथे तुम्ही सव्वादोनशे फुटांत एकट्या असाल. खाली औषधांचं दुकान, शेजारी केक, समोर सलून. बस्त्याची गाडी तिथे थांबणार नाही. थांबेल ती सोसायटीतली ताई, आणि तिला हवा असेल टॉवेल. म्हणजे मेलेलं दुकान उचलून तुम्ही ₹८५,००० भाड्याच्या जागेत ठेवाल आणि जिवंत दुकान इथे सोडून द्याल. शिवाय तिथे भाडेकरार होईल ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, तीन-पाच वर्षांनी मालक भाडं वाढवेल किंवा उठवेल. भाडेनियंत्रण कायद्याचं जे छत्र इथे आहे, ते तिकडे नसेल.

नणंदबाईंच्या सल्ल्यातलं तथ्य मान्य करायला हवं. ब्रिटनमध्ये वूलवर्थ्‌सची ८०७ दुकानं होती, जानेवारी २००९ पर्यंत एकही उरलं नाही. बीएचएस २०१६ मध्ये गेलं, डेबनहॅम्सची दुकानं २०२१ मध्ये. पण ही दुकानं काय विकत होती? टॉवेल, मोजे, उशांचे अभ्रे, किटल्या. आणि ती का मेली? लांब मुदतीचे भाडेकरार, त्यांत भाडं फक्त वर जाणार अशी अट, वर नगरपालिकेचा व्यवसाय-कर. गाळा रिकामा पडला तरी पहिल्या तीन महिन्यांनंतर तो भरावा लागतो. दोन मंद वर्षं आली की दुकान आडवं. तुमचं भाडं ₹१,१५० आहे. त्यांच्या आणि तुमच्या दुखण्याचं मूळ बरोबर उलटं आहे. तिथे भाड्याने दुकानं मारली, इथे भाड्याने दुकानं झोपवली.

आणि नणंदबाई ज्या गावात राहतात, तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर त्या स्वतः गेल्याच असतील. गोल्डन माइल म्हणतात त्याला. साड्या, सोनं, मिठाई. लग्नाच्या खरेदीला इतर शहरांतून आपली माणसं तिथे येतात, दिवाळीत तर रस्त्यावर उभं राहायला जागा नसते. अडचणी त्याही रस्त्याला आहेत, पण त्यांच्या गावात काय टिकलं आणि काय गेलं एवढं त्यांना एकदा विचारून बघा.

‘झोपवली’ म्हटलं, ते जरा कागदावर मांडते. तुम्ही म्हणता महिन्याला ₹७८,००० उरतात. या आकड्यात तुमचा पगार कुठे आहे? सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ उभं राहणारी, सुरत-येवल्याची खरेदी जमणारी, बस्ता सांभाळणारी बाई बाजारात शोधायला गेलात तर ₹३०,००० च्या खाली मिळणार नाही. सासऱ्यांचे धरा ₹२५,०००. विश्वासाने गल्ला सांभाळणारा माणूस तेवढे घेतोच. म्हणजे ₹५५,००० हे दोघांचे पगार झाले. दुकानाची स्वतःची कमाई उरली ₹२३,०००. तीसुद्धा भाडं ₹१,१५० असताना. शेजारच्याप्रमाणे ₹९०,००० भाडं द्यावं लागलं असतं तर दुकान महिन्याला ₹६६,००० च्या आसपास खोटीत आहे. लक्ष्मी रोडच्या आजूबाजूला अशी कितीतरी दुकानं आहेत जी स्वस्त भाड्यामुळे आणि घरच्या माणसांच्या फुकट कष्टांमुळे नफ्यात दिसतात. त्यामुळे पडून राहिलेल्या मालाला हात लागत नाही, रंग लागत नाही, ट्यूबलाइट बदलत नाही. चाललंय ना, मग चालू दे. मालकही त्याच न्यायाने जिना दुरुस्त करत नाही, कारण अकराशे रुपयांत कोण करणार? आणि एक दिवस वाड्याला टेकू लागतात.

आता हाच हिशोब उलटा करा. ४० लाख घेतलेत तर भाडेहक्क सोडल्याची ती रक्कम भांडवली नफा धरली जाते. साडेबारा टक्के कर गेला तर हातात साधारण ३५ लाख. सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ₹२,४५,०००, महिन्याला वीस हजारांच्या थोडं वर. म्हणजे बिल्डर तुम्हाला तुमच्या झोपलेल्या दुकानाच्या कमाईपेक्षाही कमी देतोय, आणि वर तुमची आणि सासऱ्यांची नोकरी जातेय. तेवढ्याच गाळ्याला ₹९०,००० भाडं येतं, म्हणजे वर्षाला १० लाख ८० हजार. अशा गाळ्याची किंमत ४० लाख असते का, हे यजमानांना कॅल्क्युलेटर देऊन विचारा. आयटीतले आहेत, दोन मिनिटांत सांगतील.

त्यामुळे ४० लाखांना नाही म्हणा. पहिल्या मजल्यालाही नाही म्हणा; साडीच्या दुकानात आजी जिना चढत नाही, आणि आजी चढली नाही तर बस्ता बांधला जात नाही. मागायचं ते तळमजल्यावरचा, रस्त्याकडे तोंड असलेला, आज ताब्यात आहे तेवढ्याच चटईक्षेत्राचा गाळा, मालकीहक्काने. बांधकाम चालू असेल तेवढे महिने पर्यायी जागेचं भाडं, आणि ती जागाही याच पट्ट्यात. ताबा ठरलेल्या तारखेला दिला नाही तर दरमहा दंड. हे सगळं नोंदणीकृत करारात. तोंडी एक अक्षरही नको. भाडेकरूंचं पुनर्वसन करणाऱ्या प्रकल्पाला जादा बांधकामाची (एफएसआयची) सोय राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. तुम्ही त्या वाड्यात असण्याचा बिल्डरला फायदाही असू शकतो, हे वाटाघाटीला बसताना लक्षात असू द्या. मालकी मिळेलच असं नाही, तो कायद्याने आपोआप मिळणारा हक्क नव्हे, सौद्याचा भाग आहे. पण सौदा इथून सुरू करायचा, ४० लाखांपासून नाही.

आता ज्या गोष्टीने मला खरी काळजी वाटली ती. पावती आजेसासऱ्यांच्या नावाने. ते १९८९ मध्ये गेले, तरीही.

महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ (३१ मार्च २००० पासून लागू) दुकानाच्या जागेबाबत असं म्हणतो की, भाडेकरू वारला तर त्या वेळी ती जागा व्यवसायासाठी वापरत असलेला त्याच्या कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. आजेसासरे गेले तेव्हा अर्थातच जुना, १९४७ चा कायदा होता. सासरे त्या वेळी दुकानात बसत होते याचे पुरावे गोळा करा: जुनी शॉप ॲक्टची नोंद, विक्रीकराची कागदं, बँकेचं खातं, वीजबिल. आणि पुढचा प्रश्न तुमचा आहे. उद्या सासऱ्यांना काही झालं तर दुकान कोण वापरत होतं? तुम्ही. यजमान नव्हे, ते हिंजवडीला असतात. पण कागदावर तुम्ही कुठे आहात? पगार नाही, सही नाही, भागीदारी नाही. इतकी वर्षं दुकान चालवणारी बाई कागदोपत्री गिऱ्हाइकाइतकीच परकी आहे. हे आधी दुरुस्त करा. सासरे आणि तुम्ही अशी खरीखुरी भागीदारी वकिलाकडून करून घ्या, जीएसटीच्या नोंदणीत नाव घाला, बँकेत सहीचा अधिकार घ्या. वकिलाकडूनच, कारण भागीदारीच्या आडून पोटभाडेकरू ठेवला असा आरोप मालक करू शकतो, आणि पोटभाडेकरू हे जागा खाली करून मागण्याचं कारण ठरतं. बाहेरचा भागीदार तर अजिबात नको. आणखी एक: कोणी हुशार माणूस ‘प्रायव्हेट लिमिटेड करा’ म्हणाला तर थांबा. भरणा केलेलं भांडवल एक कोटी किंवा जास्त असलेल्या कंपन्यांना या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. तुम्ही तिथवर जाणार नाही, पण माहीत असलेलं बरं.

भाडं थकवू नका. मालकाने आता मुद्दाम घ्यायचं टाळलं तर बँकेतून पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. वाडा पाडून नवा बांधायचा म्हणून जागा मागण्याचा मालकाला हक्क आहे, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं, मंजूर आराखडा आणि बांधायला पैसे आहेत हे दाखवावं लागतं. मात्र महापालिकेने वाडा धोकादायक ठरवला तर गोष्टी फार वेगाने घडतात. तशी नोटीस आली तर पाडकामाआधी तुमच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून लेखी नोंदवून घ्या. नाहीतर नंतर तुमचे सव्वादोनशे फूट एकशेऐंशी होतात.

दुकानाविषयी. परकर, टॉवेल, लुंगी, ड्रेस मटेरियल या दिवाळीत मिळेल त्या भावाने काढून टाका. पोटमाळ्यावर जे आहे ते तुम्हीही बरेच दिवसांत बघितलं नसेल. त्यात अडकलेला पैसा खण-इरकल, नऊवारी, पैठणी, मानपानाच्या साड्या यांत घाला. मानपानाच्या साड्या विशेष सांगते. मोठ्या एसी दुकानांना शालू विकायचा असतो, पाचशे-सातशेच्या चाळीस साड्या एका हिशोबात, नात्यांचा मान राखून निवडून देणं त्यांच्या सेल्समनला जमत नाही. तुम्हाला जमतं, कारण कोणत्या आत्याला कमी किमतीची गेली तर पुढची तीन वर्षं काय ऐकावं लागतं हे तुम्ही बघितलंय.

सासऱ्यांच्या जुन्या वह्या हे तुमचं दुसरं भांडवल. तिथे नावं आणि गावं आहेत, फोन नंबर तुम्ही गोळा करा. ज्या घरात लग्न झालं त्या घरात डोहाळजेवण, बारसं, मग मुंज, आणि मधल्या काळात धाकट्या भावाचं लग्न. एवढ्यासाठी फोन वापरा. रोज शंभर साड्यांचे फोटो टाकू नका, लोक ते फोटो घेऊन भाव विचारत फिरतात. ‘सोमवारी दुपारी दुकान तुमच्यासाठी मोकळं ठेवते, या’ असा एक निरोप जास्त काम करतो. दुपारी किंवा आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती सोडा. २०१७ च्या कायद्यानंतर राज्यात दुकानं आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवता येतात; कामगाराला साप्ताहिक सुट्टी दिली की झालं. नोकरी करणारी मुलगी संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारीच येऊ शकते. साडेआठला शटर ओढलंत तर ती कधी येणार?

डिसेंबरात परदेशातली माणसं येतात. दोन दिवसांत ब्लाउज शिवून, फॉल-पिको करून, बॅगेत बसेल अशी घडी घालून देणारं दुकान त्यांना हवं असतं. इथे नणंदबाईंचा उपयोग आहे. सल्ला देण्याऐवजी लेस्टरमधल्या चार मैत्रिणींची मापं पाठवा म्हणावं.

रस्त्याबद्दल थोडं, कारण तुमच्या गल्लीतले सगळे ‘पार्किंग नाही म्हणून धंदा नाही’ असं म्हणत असणार. अर्धंच खरं आहे. दुकानासमोरची जागा सकाळी अकराच्या आत कोणाच्या दुचाकींनी भरते ते एकदा बघा. दुकानदारांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या. गिऱ्हाईक येईपर्यंत तिथे जागाच नसते, आणि दोष पथारीवाल्याला. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली, मंडईला स्थानक झालं. पिंपरीहून बस्त्याला येणाऱ्या बाईला आता गाडी लावायची चिंता नाही, पण मंडईपासून तुमच्या दुकानापर्यंत पिशव्या घेऊन चालताना फूटपाथ हवा. महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, त्या दिवशी लक्ष्मी रोडचा गरुड गणपती चौकापर्यंतचा तुकडा वाहनांना बंद असतो. कोपनहेगनमध्ये स्ट्रॉयेट नावाची बाजारपेठ १९६२ मध्ये अशीच बंद केली तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही धंदा बुडेल म्हणून ओरड केली होती. ती आजही पायी चालणाऱ्यांचीच आहे आणि गजबजलेली आहे. लक्ष्मी रोड कोपनहेगन नाही, आणि वर्षातून एक दिवस खुर्च्या मांडून काही सिद्धही होत नाही. पण गणपतीत संध्याकाळी रस्ता वाहनांना बंद असतो तेव्हाचा तुमचा गल्ला आणि एरवीच्या संध्याकाळचा गल्ला, हे दोन आकडे तुमच्याकडे आहेत. व्यापारी संघाच्या बैठकीत ते मांडा. बिलावर एक रकाना वाढवा : कुठून आलात, कशाने आलात. या लग्नसराईपुरतं केलंत तरी गल्लीतल्या कोणाहीपेक्षा तुम्हाला बाजार जास्त कळेल.

सासऱ्यांशी बोलताना ‘बाजार संपला’ हे शब्द वापरू नका, ते खोटंही आहे. त्यांना कुलूप लागायला नको आहे. तुम्हालाही नको आहे. फक्त ते आज जे वाचवतायत त्यात निम्मा पडीक माल आहे. त्यांना गल्ल्यावर बसू द्या, पण पगार घेऊन, आणि तुमचाही पगार त्याच दिवशी काढून. पहिल्या महिन्यात घरात थोडी कुरबुर होईल. यजमानांना वाकडऐवजी काम द्या: कराराचा मसुदा वाचणं आणि बिल्डरचे झालेले प्रकल्प प्रत्यक्ष जाऊन बघणं. नवा प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवला आहे की नाही तेही त्यांनी तपासावं.

सगळं करूनही या दोन लग्नसराईंत दोघांचे पगार जाऊन दुकानाची कमाई ₹२३,००० वरून हलली नाही, तर नवा गाळा हातात आल्यावर तो भाड्याने द्या आणि तुम्ही तुमच्या कसबाचं दुसरं काही करा. मानपानाच्या साड्या निवडून देणारी बाई घरबसल्याही चालते. मात्र तेव्हा तुम्ही उठाल ते स्वतःच्या गाळ्यातून, भाडं घेत.

दसऱ्याची मुदत बिल्डरने घातलीय, कायद्याने नाही. तोवर कोणत्याही कागदावर सही करू नका, ‘नुसती हजेरीची सही’ म्हणाले तरी. या आठवड्यात भाडेनियंत्रणाचं काम करणाऱ्या वकिलाची वेळ घ्या. मालकाचा वकील स्वस्तात सांगतो म्हणून त्याच्याकडे जाऊ नका. जाताना पागडीचा मूळ कागद, १९८९ नंतरच्या मिळतील तेवढ्या भाडेपावत्या, वीजबिलं आणि आजेसासऱ्यांचा मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा.